खुंटी

नंदगडात मांडव घालूलालो,
कोंडुसकरांच्या पोरीचं लग्न,
तेव्हा खाली बसून सुतळी ओढत मामा म्हणाला,
"एवढं इमानात बसून गेलास
आणि तिथंबी तंबूच ठोकलास व्हय रे?"
तांदूळ निवडणाऱ्या बायका हसल्या.
मीही हसलो. खोटं काय आहे त्यात.

मे ते सप्टेंबर, क्रोएशियाचा किनारा,
पाचशे चाळीस प्लॉट, प्रत्येकाला नंबर,
दोन प्लॉटांमध्ये कमरेएवढ्या झुडपांचा बांध.
माझं नाव भरमाणी.
कागदावर त्यांनी काय वाचलं कुणास ठाऊक,
पहिल्याच दिवशी मला बारमन म्हणून उभं केलं.
तोवर बाटली हातात धरलेली ती म्हसोबापुढे ठेवायला.
तिसऱ्या दिवशी चूक कळली, मग खरं काम आलं:
तंबू, शॉवर, संडास, गॅसच्या टाक्या.
शनिवारी जुने लोक दहाला निघणार,
नवे चारला येणार,
मधल्या सहा तासांत
एका कुटुंबाचा सगळा वास पुसून काढायचा.
उशीखाली कधी दात सापडायचा, लहान पोराचा.
कुठं टाकायचा ते कुणी शिकवलं नव्हतं.
मी छपरावर टाकायचो, आपल्याकडे टाकतात तसा.

कंटेनरमध्ये वरच्या पलंगावर बसलिंग, गोकाकचा.
बेळगावच्या स्टँडवर भेटलो असतो
तर एकमेकांच्या गाडीची पाटी वाचून
दोघं दोन बाजूंना गेलो असतो.
तिथं तो कन्नडात शिव्या द्यायचा, मी मराठीत,
अर्ध्या शिव्या एकच निघाल्या.
त्याच्या आईनं दिलेल्या शेंगाचटणीचा डबा
आम्ही जुलैच्या वीस तारखेपर्यंत पुरवला,
शेवटी शेवटी नुसता वास घेऊन पाव खाल्ला.
सुपरवायझरनं विचारलं, तुम्ही दोघं बोलता ती भाषा कुठली?
मी बसलिंगकडे बघितलं.
तो म्हणाला, "घरातली."

एकशे बारामध्ये एक डच म्हातारी,
एकतीस वर्षं त्याच प्लॉटवर.
खुर्च्या दोन मांडायची, बसायची एकीवर.
खुंटी तिरकी ठोक, मला हातानं दाखवलं तिनं,
दोरीपासून पाठ फिरवलेली, रुसल्यासारखी,
म्हणजे वारं ओढेल तशी ती आत रुतते.
जाताना दुसरी खुर्ची घडी करून
माझ्याकडे दिली, गाडीत ठेवायला.
हलकी होती. तरी मी दोन्ही हातांनी नेली.

तर नंदगडातल्या तांबड्या मातीत
मी तिरकी खुंटी ठोकूलालो
आणि मामा ओरडला, "सरळ मार की, डोळं फुटल्यात काय!"
त्याच्या सगळ्या सरळ, माझ्या चार तिरक्या.
वळवाचं वारं आलं, त्याच्या उपटल्या,
माझ्या राहिल्या, असं सांगायला बरं वाटलं असतं.
पण वारंच आलं नाही.
लग्न झालं, जेवणं झाली, कुंडा संपला,
रात्री सगळ्याच खुंट्या सारख्याच उपटल्या
आणि टेम्पोत भरल्या.

एक मात्र माझी आहे. तिथलीच,
बॅगेच्या तळाशी चुकून आलेली,
पोलादी, टोकाला पांढरी खडी चिकटलेली.
आईनं ती आल्या आल्या उचलली,
परसात ठोकली, रेडकू बांधलं.
"घट्ट हाय गं बाई, हलत न्हाई,"
शेजारणीला सांगत होती,
पाच महिन्यांच्या पगाराचं नाही सांगितलं.

काल बसलिंगचा आवाज आला फोनवर,
मागं कुकरची शिट्टी,
"ई वर्षा होगोणेनु?" जायचं काय औंदा?
मी अजून उत्तर दिलेलं नाही.
परसात रेडकू
दोरी संपेपर्यंत जातं,
थोडं उभं राहतं,
मग तिथलंच गवत खातं.